बाहीचे टाके आणि दर वेळी तेवढीच वाढ

ग्वाल्हेरच्या थंडीत आमच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांमध्ये आत बसूनही स्वेटर लागतो. म्हणून दसरा झाला की मी लोकर आणि सुया बाहेर काढते. या वेळी भाचीसाठी विणायला घेतलं होतं आणि ती समोरच गणिताचं पुस्तक उघडून बसली होती. तिची शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे धड्याचं नाव 'समांतर श्रेढ़ियाँ'. महाराष्ट्रातल्या मराठी पुस्तकांत याच गोष्टीला अंकगणिती श्रेढी म्हणतात. सूत्र तिला तोंडपाठ होतं. तरी तिने वही मिटली आणि विचारलं, "आत्या, हे कुठे लागतं गं?"

मी हातातली बाही तिच्यापुढे धरली.

बाही मनगटाकडून काखेकडे विणत जातात. मनगटाची पट्टी झाली तेव्हा सुईवर ४४ टाके होते. हात वर जाताना जाड होत जातो, म्हणून दर सहा ओळी झाल्या की दोन्ही कडांना एकेक टाका वाढवायचा. ४४ टाक्यांच्या सहा ओळी, मग ४६ च्या सहा, मग ४८ च्या सहा, असं करत ७२ टाक्यांच्या सहा ओळी झाल्या की काख आली. "आता सांग, एकूण ओळी किती?"

तिने क्षणात उत्तर दिलं. ७२ मधून ४४ गेले, राहिले २८. दोन-दोनने वाढतात म्हणजे १४. चौदा सक चौऱ्याऐंशी.

या हिशोबाने विणली असती तर बाही सहा ओळींनी आखूड झाली असती. माझ्या हाताला सहा ओळी म्हणजे जवळजवळ दोन सेंटिमीटर, काखेत ओढ बसायला पुरेसे. बरोबर उत्तर ९० आहे.

चूक कुठे झाली? वाढवण्याची वेळ १४ वेळा येते हे तिचं खरं होतं. पण रुंदी मात्र पंधरा तऱ्हेच्या आहेत, कारण सुरुवातीची ४४ ची रुंदी काहीही न वाढवता मिळाली. हाताचा पंजा पसरून बघा: बोटं पाच, बोटांमधल्या फटी चार. श्रेढीतली पदं, म्हणजे रांगेतले आकडे, ही बोटं आणि वाढ म्हणजे फटी. या विषयात मुलांच्या जितक्या चुका मी तपासल्या त्यातल्या बहुतेक बोटं आणि फटी यांच्या गोंधळातून आलेल्या होत्या. सूत्र विसरल्यामुळे झालेल्या फारच थोड्या.

ज्या आकड्यांच्या रांगेत प्रत्येक पुढचा आकडा मागच्यापेक्षा तेवढ्याच फरकाने वाढतो किंवा कमी होतो, ती अंकगणिती श्रेढी. तिची ओळख पटवायला दोनच गोष्टी लागतात: सुरुवात कुठून आणि फरक किती. मग कितवंही पद काढता येतं. पहिल्या पदात फरक तितक्या वेळा मिळवायचा, जितक्या फटी ओलांडल्या. पंधराव्या पदापर्यंत फटी चौदा, म्हणून ४४ + १४ × २ = ७२. पुस्तकातल्या सूत्रात जे 'उणे एक' दिसतं ते एवढ्यासाठीच. रिक्षाचं भाडंही असंच चालतं. समजा पहिल्या किलोमीटरला २५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १२. आठ किलोमीटरचे २५ + ७ × १२ = १०९ रुपये. आठाने गुणून १२१ देणारा माणूस पहिल्या किलोमीटरचे पैसे दोनदा मोजतो.

पहिल्या पदात वाढ किती? शून्य. हे शून्य मनात पक्कं बसलं की 'उणे एक' कधी चुकत नाही. आणि ग्वाल्हेरच्या मुलाला शून्य दाखवायला मला फार लांब जावं लागत नाही. किल्ल्याच्या पूर्वेकडच्या चढावर, वाटेतच, एका खडकात कोरलेलं चतुर्भुजाचं छोटं देऊळ आहे. तिथल्या भिंतीवर विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवळाला २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बाग दिली आणि तिच्यातून देवाला रोज ५० माळा जाव्यात, अशी त्यात नोंद आहे. २७० मधलं आणि ५० मधलं शून्य आज आपण काढतो तसंच, लहान गोल, कोरलेलं आहे. शून्याच्या कोरीव नोंदींमध्ये ही जगातल्या जुन्या नोंदींपैकी एक. कंबोडियात सन ६८३ ची याहून जुनी नोंद मिळाली आहे, पण हाताने दगडाला स्पर्श करण्याइतकं जवळ आमच्या घरापासून हेच.

भाचीला मी त्याच शिलालेखातून दुसरं उदाहरण दिलं. रोज ५० माळा, तर पहिल्या दिवसाअखेर वाहिलेल्या एकूण माळा ५०, दुसऱ्या दिवसाअखेर १००, तिसऱ्या दिवसाअखेर १५०. वर्षभरात १८,२५०. रोज तेवढंच काही जमत गेलं की जमलेल्याची रांग आपोआप श्रेढी होते. पिग्मीवाल्याकडे रोज ठरावीक रक्कम देणारा भाजीवाला त्याच्या पासबुकात हेच बघत असतो.

आपल्याकडे या विषयाचे शब्द फार सुंदर आहेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, ११५० सालच्या, श्रेढीवर वेगळं प्रकरण आहे. पहिल्या पदाला तिथे 'आदि' म्हणतात, फरकाला 'चय' आणि पदांच्या संख्येला 'गच्छ'. चय हा 'संचय'मधलाच शब्द, म्हणजे दर वेळी भर पडते ती. 'कॉमन डिफरन्स' ऐकून न समजलेली मुलं 'चय' सांगितला की मान हलवतात, असा माझा अनुभव आहे. तिथलंच एक गणित बघा. एक राजा शत्रूचे हत्ती आणायला निघाला. पहिल्या दिवशी दोन योजनं चालला, मग रोज सारखीच वाढ करत सात दिवसांत ८० योजनांवरचं शत्रूचं नगर गाठलं. तर रोजची वाढ किती?

सूत्राशिवाय सोडवू. सात दिवसांत ८०, म्हणजे दिवसाची सरासरी ८० भागिले ७. वाढ सारखी असेल तर बरोबर मधल्या दिवशी, म्हणजे चौथ्या दिवशी, तो नेमकी सरासरीइतकी वाट चालला असणार. त्याआधीचे तीन दिवस सरासरीपेक्षा जेवढे कमी, त्यानंतरचे तीन तेवढेच जास्त. पहिल्या दिवसापासून चौथ्यापर्यंत फटी तीन. म्हणून ८०/७ मधून २ वजा करून तीनाने भागायचं. उत्तर येतं २२/७ योजनं. या मधल्या पदाला 'मध्यधन' असं नावही तिथे आहे. ते हाती आलं की अर्धं गणित सुटतं.

हेच आजच्या भाषेत. पायाचं प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी माझ्या मोठ्या बहिणीला सांगितलं होतं: आज दहा मिनिटं चाला आणि तीन आठवड्यांत चाळीसवर या. ती विचारत होती, रोज किती वाढवू? २१ दिवस, फटी २०, वाढवायची मिनिटं ३०. रोज दीड मिनिट. तिने तेवढंच वाढवलं. आधी तिच्या डोक्यात दर रविवारी दहा मिनिटं वाढवायची होती. त्यात रविवारी पाय सुजला असता आणि बाकीचे दिवस काहीच वाढलं नसतं.

आता बेरीज. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत हादगा सोळा दिवस चालायचा. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. खिरापतीही तशाच चढत जायच्या, आणि त्या ओळखताना होणारा आरडाओरडा अजून कानात आहे. सोळा दिवसांत मिळून गाणी किती झाली?

मी भाचीसमोर ताटात शेंगदाणे मांडले. एक, खाली दोन, खाली तीन, खाली चार, असा जिना. मग तसाच दुसरा जिना उलटा करून पहिल्याला चिकटवला. चार ओळी, प्रत्येकीत पाच दाणे, सरळ चौकट झाली. वीस दाणे, त्यातला आपला जिना अर्धा, म्हणजे दहा. ती आधी नुसती बघत राहिली, मग स्वतः पाच पायऱ्यांचा मांडला, मग सहाचा. सोळा पायऱ्यांचा जिना मांडायची गरजच उरली नाही: सोळा ओळी, प्रत्येकीत सतरा, २७२, त्याचे निम्मे १३६. पहिलं आणि शेवटचं मिळवा, पदांच्या निम्म्याने गुणा. हे इतक्याच थोडक्यात आर्यभटांनी सन ४९९ मध्ये लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या शब्दांत, पहिल्या आणि शेवटच्याची सरासरी काढायची आणि सगळी पदं तेवढीच आहेत असं समजायचं. माझ्या बाहीत ४४ आणि ७२ ची सरासरी ५८. म्हणजे ९० ओळींच्या तिरप्या बाहीला तेवढीच लोकर लागते जेवढी ५८ टाक्यांच्या सरळ ९० ओळींना. ५,२२० टाके. मी दहा ओळी विणून होताच लोकर तोलते, त्यावरून सगळ्या बाहीचा अंदाज काढते आणि बाड्यावरच्या बाजारात जाऊन उरलेले गोळे एकदाच आणते, कारण पुढच्या खेपेला त्याच रंगछटेची लोकर मिळेलच असं नसतं.

इथपर्यंत गंमत आहे. पण ज्या जागी ही श्रेढी माहीत नसल्याने माणसाचे पैसे जातात, ती जागा मला मनापासून सांगायची आहे.

वहिनीने शिलाई मशीन हप्त्यावर घेतलं. किंमत १२,००० रुपये, बारा हप्ते. दुकानदार म्हणाला, "महिन्याला फक्त एक टक्का." हप्ता १,१२० रुपये. त्याच सुमारास तिच्या बचत गटातही महिन्याला एक टक्क्यानेच कर्ज मिळत होतं. वहिनीला वाटलं, दर तोच, मग गटाच्या बैठकीला कशाला जा. संध्याकाळी आम्ही कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्याच्या कोऱ्या बाजूवर दोन्ही हिशोब मांडले.

गटात दर महिन्याला मुद्दलातले १,००० परत करायचे आणि व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर. पहिल्या महिन्यात १२,००० वर १२० रुपये. दुसऱ्या महिन्यात ११,००० वर ११०. मग १००, मग ९०. शेवटच्या महिन्यात १,००० वर १०. ही उतरती श्रेढी, फरक उणे दहा. पहिलं आणि शेवटचं मिळून १३०, त्याला सहाने गुणलं की ७८०. वर्षाचं व्याज ७८० रुपये.

दुकानात मात्र बाराही महिने १२० रुपये. एकूण १,४४०. दर महिन्याला हजार रुपये परत करूनही शेवटपर्यंत व्याज पूर्ण १२,००० वर लागत राहिलं. याला ते लोक 'फ्लॅट रेट' म्हणतात. वहिनीकडे वर्षभरात सरासरी पैसे राहिले किती? पहिल्या महिन्यात १२,०००, शेवटच्यात १,०००, सरासरी ६,५००. साडेसहा हजारांवर वर्षाला १,४४० म्हणजे शेकडा २२ च्या आसपास. तोंडी सांगितलेला दर मात्र वर्षाला १२ चा. खोटं कोणी बोललं नव्हतं, फक्त एकाची रांग उतरती होती आणि दुसऱ्याची सपाट, आणि हा फरक कोणी सांगितला नव्हता. वहिनीने ६६० रुपये जास्त भरले. हप्त्यावर काही घेताना 'दर किती' याआधी 'व्याज कशावर, उरलेल्यावर की सगळ्यावर' हे विचारा. लेखी मागा.

आता १२, ११, १० ... १ यांची बेरीज बघा: ७८. हा आकडा सावकारी व्यवहारात इतका प्रसिद्ध आहे की त्याच्या नावाने एक नियमच आहे, ७८ चा नियम. त्यात वर्षाच्या एकूण व्याजाचे ७८ भाग करतात आणि पहिल्या महिन्याला १२ भाग, दुसऱ्याला ११, असे लावतात. सहा महिन्यांनी कर्ज फेडून मोकळं व्हायचं ठरवलं तर तोवर १२ + ११ + १० + ९ + ८ + ७ = ५७ भाग वसूल झालेले असतात. वहिनीच्या १,४४० पैकी ते होतात १,०५२ रुपये. निम्मी मुदत उरली म्हणून निम्मं व्याज सुटेल असं वाटतं, सुटतात फक्त ३८८. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने ६१ महिन्यांपेक्षा लांब मुदतीच्या ग्राहक कर्जांवर ही पद्धत बंद केली, कारण मुदत जितकी लांब तितकं लवकर फेडणाऱ्याचं नुकसान मोठं.

हाच ७८ तुमच्या बाजूनेही काम करतो. बँकेत वर्षभर दर महिन्याला ५०० रुपयांची आरडी भरलीत, तर पहिला हप्ता बारा महिने राहतो, दुसरा अकरा, शेवटचा एक. महिन्याला अर्धा टक्का सरळ व्याज धरलं तर ५०० च्या अर्ध्या टक्क्याचे अडीच रुपये, गुणिले ७८, म्हणजे १९५. प्रत्यक्षात व्याज तिमाहीला चक्रवाढ होतं, त्यामुळे खात्यात थोडे जास्त दिसतात. पण तोंडी अंदाज करायला एवढं पुरतं. आणि हप्ता सुरुवातीला चुकवणं महाग का, शेवटी चुकवणं स्वस्त का, तेही यातून कळतं: पहिल्या हप्त्याचं वजन बारा, शेवटच्याचं एक.

चक्रवाढीचं नाव निघालं म्हणून सांगते, तिथे श्रेढी वापरू नका. १०,००० रुपये ८ टक्क्यांनी ठेवले. सरळ व्याजाने वर्षाअखेरीस १०,८००, ११,६००, १२,४००. चक्रवाढीने १०,८००, ११,६६४, १२,५९७. सुरुवातीला दोन्ही शेजारी-शेजारी चालतात, म्हणून फसवतात. वीस वर्षांनी एक २६,००० वर असतं आणि दुसरं ४६,६१० च्या जवळ. ओळखायची खूण सोपी: लागोपाठचे तीन-चार आकडे लिहा आणि त्यांच्यातले फरक खाली लिहा. फरक सारखे आले तरच पुढे जा. विजेच्या बिलात ठरावीक युनिटांपर्यंत एक दर आणि पुढे वेगळा, म्हणून तिथे एक श्रेढी संपून दुसरी सुरू होते. मोबाइल चार्जिंगला लावला की टक्के बराच वेळ सारख्या गतीने चढतात आणि शंभरच्या जवळ आल्यावर मंदावतात, कारण बॅटरी भरत आली की तिच्यात जाणारा प्रवाह फोन कमी करत नेतो. 'पंधरा मिनिटांत पंधरा टक्के, म्हणजे अजून वीस मिनिटांत पूर्ण' हा हिशोब म्हणूनच ऐंशीच्या पुढे कोलमडतो.

स्वेटरची बाही परवा काखेपर्यंत आली. ९० ओळी, सुईवर ७२ टाके. आता खांद्याचा गोल. दोन्ही बाजूंना आधी पाच-पाच टाके बंद करायचे, मग तीन-तीन, मग दोन-दोन, मग एकेक. भाचीने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: ७२, ६२, ५६, ५२, ५०. खाली फरक लिहिले: दहा, सहा, चार, दोन. ती म्हणाली, "आत्या, इथे नाही जमत." मी म्हटलं, नाहीच जमणार, म्हणून खांद्याच्या गोलाची प्रत्येक ओळ नमुन्याच्या कागदावर वेगळी लिहिलेली असते. तिने कागद हातात घेतला आणि मी विणत होते तशी एकेक ओळ वाचून दाखवत राहिली.